राण्या कुठे फळल्या

मध विकणारे पुष्कळ असतात. थोरली मध विकत नसे, राण्या विकत असे. काडेपेटीएवढ्या लाकडी पिंजऱ्यात एक राणीमाशी, तिच्या दिमतीला चार-सहा कामकरी माश्या, तोंडाशी साखरेचा गोळा आणि वर गिऱ्हाइकाचा पत्ता. टपाल कचेरीतला माणूस ते पुडकं आधी कानाला लावायचा, आतली गुणगुण ऐकून हसायचा आणि मगच शिक्का मारायचा. धंदा तिच्या वडिलांचा. दोन मुलींपैकी धाकटीला माश्यांची लहानपणापासून धास्ती होती, त्यामुळे वडिलांच्या मागे तो थोरलीकडे आला. घरही तिच्याकडेच आलं.

वडिलांनी जन्मभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. त्यांना गरीब माशी हवी होती. पेटी उघडली तरी अंगावर न येणारी, पोळ्याची चौकट हातात धरली तरी आपलं काम करत राहणारी. ज्या पेटीतल्या माश्या तापट निघत, तिची राणी ते काढून टाकत. ज्या पेटीत शांतता, तिच्या मुली वाढवत. असं चाळत चाळत त्यांनी एक घराणं तयार केलं होतं आणि माशीपालनातली जाणती माणसं ते घराणं त्यांच्या नावानं ओळखत.

पण नुसती आई चांगली असून भागत नाही. राणी आयुष्यात फक्त सुरुवातीचे काही दिवस नरांसाठी बाहेर उडते. तिच्या अंगाचा वास हवेत पसरतो. माणसाला तो कळत नाही, पण लांबलांबचे नर त्या वासावर धावत येतात आणि तिच्यामागे लांब शेपटासारखे लागतात. उडता उडताच तिचा दहा-पंधरा नरांशी संग होतो आणि एकेक नर तिथल्या तिथे मरून खाली पडतो. तेवढ्या बिजावर राणी पुढची सगळी वर्षं अंडी घालते. गाय फळली म्हणतात, तसं त्यांच्या घरी राणी फळली म्हणत. ती कुणाच्या नरांनी फळली, यावर तिच्या लेकरांचा स्वभाव ठरायचा.

सपाटीवर हे हातात राहत नाही. तिथे ज्याच्या त्याच्या पेट्या, भिंतींच्या फटीत आणि झाडांच्या ढोलीत रानटी मोहोळं, आणि त्या सगळ्यांचे नर एकाच आभाळात. म्हणून वडिलांनी दूरचा एक उघडाबोडका डोंगर शोधून काढला होता, जिथे दुसऱ्या कुणाची पेटी नव्हती. तिथे त्यांनी आपल्याच घराण्यातल्या, नर भरपूर काढणाऱ्या पेट्या ठेवल्या, एक खोपटं बांधलं, आणि कोवळ्या राण्या छोट्या छोट्या पेट्यांत घालून ते दर मोसमात तिथे नेत. त्या डोंगराला ते 'सासर' म्हणत. गाडीत पेट्या चढवताना म्हणायचे, "चला, पोरींना सासरी पोचवून येतो." राण्या अंडी घालायला लागल्या की माघारी आणायचे.

वडील गेल्यावर डोंगराची फेरी नवऱ्याकडे आली. घरचं काम थोरलीलाच जमत होतं. एका दिवसाची अळी बारीक सुईनं उचलून मेणाच्या वाटीत ठेवायची, म्हणजे माश्या तिची राणी करतात. अळी उलटली तर मेली. भिंगाखाली मान मोडून ती तासन्‌तास बसे. नवरा पूर्वी एका बेकरीची गाडी चालवायचा. माणूस बोलका, हसतमुख, गिऱ्हाइकाला खिशात घालणारा. पेट्या गाडीत चढवून तो जायचा, चार-पाच दिवस खोपटात राहायचा आणि उन्हानं रापून यायचा. थोरलीला त्याचं कौतुक होतं. आपल्याला घराबाहेर पडता येत नाही आणि हा एकटा डोंगरावर राहतो, म्हणून ती त्याच्या डब्यात नेहमी जास्तीचं काहीतरी घालायची.

धाकटी तेव्हा विधवा होऊन शहरात आली होती. थोरलीनंच तिला आणलं. दोन रस्ते पलीकडच्या गल्लीत तिला जागा बघून दिली, शिवणयंत्र घेऊन दिलं, ओळखीच्या बायकांना तिच्याकडे कपडे टाकायला सांगितलं. धाकटीच्या हाताला सफाई होती, जम बसला. ती दर आठवड्याला थोरलीकडे यायची, अंगणाच्या फाटकापाशीच उभी राहायची आणि म्हणायची, ताई, तुझ्या लेकी आवर, मग मी आत येते.

मग एका मोसमापासून तक्रारी यायला लागल्या. आधी एक, मग दोन, मग बऱ्याच. राणी सुरेख, अंडी भरपूर, पण पोरं महातापट. पेटीजवळून गेलं तरी पाठलाग करतात. थोरलीला वाटलं, हाताळणी नीट नसेल. मग एक दिवस घड्याळजी स्वतः आला.

हा घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा वडिलांचा जुना दोस्त आणि सगळ्यात जुना गिऱ्हाईक. परसात तीन-चार पेट्या ठेवायचा आणि उघड्या हातांनी हाताळायचा. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. तो रागावला नाही, हेच थोरलीला जड गेलं. त्यानं शांतपणे सांगितलं की बायको वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती, तिला दवाखान्यात न्यावं लागलं, ती वाचली, आणि आपण पेट्या एका शेतकऱ्याला देऊन टाकल्या. उठताना तो एवढंच म्हणाला, "पोरी, या तुझ्या बापाच्या माश्या नव्हेत."

थोरलीनं खोट आपल्याकडेच शोधली. तिच्याकडे वडिलांच्या घराण्यातल्या दोन आई-राण्या उरल्या होत्या. विकायच्या सगळ्या राण्या त्यांच्याच मुली. तिनं त्या दोन्ही पेट्या पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्या. आतल्या माश्या अगदी गाईसारख्या होत्या. याचा तिला मेळ बसेना. मग तिनंच मेळ बसवला: दोष वरून दिसत नसेल, रक्तात खोल असेल, मुलींत उतरत असेल. आपली निवड चुकली. बाबांनी जे जन्मभर जमवलं ते आपण दोन वर्षांत घालवलं.

हे ती नवऱ्याशी बोलली. तो पायताणं पुसत बसला होता. म्हणाला, असेलही तसं. किती वर्षं एकच रक्त चालवणार? आटतं कधीतरी.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही आई-राण्या चिमटीत धरून मारल्या. आजारी राणी मारताना तिचा हात कधी कचरला नव्हता, पण त्या दिवशी दुसरीच्या वेळी तिला थांबावं लागलं. नवरा शेजारी माश्या शांत करायचं धुराडं धरून उभा होता. धूर तिच्या डोळ्यांत जात होता, म्हणून त्यानं ते जरा बाजूला घेतलं.

मग तिनं एका अनोळखी माणसाकडून नवीन राण्या विकत आणल्या आणि त्यांच्यावर काम सुरू केलं. घराण्याचं नाव गेलं, निदान धंदा तरी राहू दे, एवढाच विचार.

मोसम पुन्हा सुरू झाला. नवरा छोट्या पेट्या घेऊन डोंगरावर गेला. त्यानंतर दोन दिवसांनी, ऊन चढल्यावर, थोरलीच्या अंगणातली एक पेटी उठली. माश्यांची दाटी झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन घर सोडते, तसं. थोरलीनं त्या राणीचा एक पंख आधीच कातरून ठेवला होता, त्यामुळे ती उडण्याऐवजी पेटीसमोरच्या गवतात पडली. थोरलीनं तिला उचलून पिंजऱ्यात घातलं, पिंजरा खिशात टाकला. आपली राणी बरोबर नाही हे कळलं की थवा घिरट्या घालून परत येतो, नेहमीचाच अनुभव. त्या दिवशी तो आला नाही. अंगणावर गरगरला, वर चढला आणि घरांच्या छपरांवरून रस्त्याकडे निघाला.

थोरलीनं रिकामी पेटी काखेत मारली, एक चादर खांद्यावर टाकली, धुराडं उचललं आणि ती मागोमाग धावली. न्हाव्याच्या दुकानातून न्हावी बाहेर आला होता, त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. न्हाव्यानं वस्तऱ्यानंच दिशा दाखवली. फळवालीनं टोपल्यांवर गोणपाट टाकलं आणि विचारलं की तुझी वरात निघाली कुठे. एरवी थोरली हसली असती. पुढच्या वळणावर लोक गोळा होऊन आभाळाकडे बघत होते. कुणीतरी सांगितलं, शिंपिणीच्या गल्लीत उतरलं, तिच्याच मागच्या अंगणात. थोरलीला जरा हायसं वाटलं. परक्याच्या घरात शिरून विनवण्या करण्यापेक्षा बहिणीचं घर बरं. लोक गल्लीच्या तोंडाशीच थांबले. घराच्या कडेनं एक अरुंद बोळ मागे जात होता, त्यातून ती एकटी गेली.

अंगणात दोरी बांधलेली होती आणि दोरीवर एक कोट टांगलेला होता. कॉलरपासून खालपर्यंत त्यावर माश्या लगडल्या होत्या, एवढ्या की दोरी मध्येच खाली झुकली होती. तरी थोरलीनं तो ओळखला. आतल्या खिशात राण्यांचे पिंजरे घालून टपाल कचेरीत नेताना तिचा नवरा तोच कोट घालायचा. राणीचा वास कापडात मुरतो, धुतला तरी पुरता जात नाही. घरी खुंटीवर असतानाही त्या खिशापाशी एखादी माशी घुटमळताना तिनं पाहिली होती. राणीविना भरकटलेल्या थव्याला तो वास लागला होता आणि माश्यांनी खिशालाच राणी समजून ठाण मांडलं होतं. हे सगळं तिला क्षणात उमगलं, कारण तो तिचा धंदाच होता. कोट डोंगरावर असायला हवा होता, हे तिच्या मनात त्याच्यानंतर आलं.

मग तिची नजर भिंतीकडे गेली. भिंतीच्या कडेनं, विटांवर, छोट्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. एक निळी, एक पिवळी, एक पांढरी. उडून आलेल्या राणीला आपलं घर ओळखू यावं म्हणून थोरलीनंच त्यांना वेगवेगळे रंग दिले होते. ती बघत असतानाच निळ्या पेटीच्या भोकातून एक लांबट राणी बाहेर आली, जरा थबकली आणि भिंतीवरून उडून गेली. भिंतीपलीकडे बंद पडलेली गिरणी होती. तिच्या पत्र्यांखाली रानटी मोहोळं लटकलेली सगळ्यांना ठाऊक होती.

मागच्या दारात नवरा उभा होता, अंगात बनियन, हातात चहाचा पेला. त्याच्यामागे धाकटी, गळ्यात मापाची फीत.

थोरली त्यांना म्हणाली, "हलू नका. दार लावू नका, दाराच्या हादऱ्यानं बिथरतील."

तिनं पेटी कोटाखाली ठेवली, पुढे चादर अंथरली, खिशातला पिंजरा पेटीत अडकवला आणि कोट दोन्ही खांद्यांना धरून एकदाच जोरात झटकला. माश्यांचा लगदा धपकन चादरीवर पडला. काही वेळ नुसता गोंधळ. मग पेटीच्या तोंडाशी पोचलेल्या माश्यांना आत राणी आहे असं कळलं. त्या तिथेच उभ्या राहून शेपट्या वर करून पंख हलवायला लागल्या. त्यांच्या अंगातून येणारा लिंबासारखा वास अंगणात पसरला. त्या वासानं त्या बाकीच्यांना बोलावतात. चादरीवरच्या माश्या एका दिशेला वळल्या आणि चढणीवर निघालेल्या माणसांसारख्या पेटीकडे चालू लागल्या.

सगळ्या आत जायला बराच वेळ लागतो. बोळात माश्या, दाराशी माश्या; तोवर कुणालाच कुठे जाता येणार नव्हतं. तिघंही होती तिथे उभी राहिली.

नवऱ्यानं मानेवर बसलेली एक माशी झटकली आणि ती त्याला चावली. पिकल्या केळ्यासारखा वास आला. माशी चावली की हा वास सुटतो, आणि त्यावर दुसऱ्या धावून येतात. थोरली पुढे झाली, नखानं तिनं नांगी खरवडून काढली, त्या जागेवर धूर सोडला आणि परत आपल्या जागी येऊन उभी राहिली. सवयीनं झालं. झाल्यावर तिला आपलं बोट कपड्याला पुसावंसं वाटलं.

धाकटीला गप्प राहवेना. म्हणाली, कोटाचं अस्तर उसवलं होतं, म्हणून टाकला होता शिवायला. मग धाकटी पेट्यांकडे बघत म्हणाली, "आणि ह्यांचं म्हणशील ताई, तर हे म्हणाले, इथे ऊन चांगलं लागतं."

आजवर धाकटी त्याला भावजी म्हणायची. भावजी आले, भावजींना सांग. 'हे म्हणाले' असं या घरात फक्त थोरली म्हणत होती. बोलून गेल्यावर धाकटीच्याही ते लक्षात आलं आणि तिनं फितीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

थोरलीनं नवऱ्याला विचारलं, "कधीपासून?"

त्यानं पेला उंबऱ्यावर ठेवला. सांगायला लागला की तसं ठरवून काही झालं नाही, तू सदा भिंगाला डोळा लावून बसलेली, घरात दुसरं बोलणं नाही, माणसाला कुणीतरी…

"पेट्यांचं विचारतेय मी."

तो थांबला. त्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता, आणि त्याचं उत्तर द्यायला त्याला जास्त वेळ लागला. "मागच्याच्या मागच्या मोसमापासून," तो म्हणाला.

थोरलीनं हिशेब लावला. सगळा जमला. दोन्ही आई-राण्या जुन्या, बाबा असताना डोंगरावर फळलेल्या, म्हणून त्यांच्या पेट्या शांत. मुली इथे फळलेल्या, गिरणीच्या पत्र्याखालच्या नरांनी. घड्याळजीच्या बायकोला चावलेल्या माश्या या अंगणातल्या. रक्तात काही खोट नव्हती. खोट तिच्या निवडीत नव्हती, हातात नव्हती, कुठेच नव्हती.

ती म्हणाली, "मी त्या दोघींना मारलं तेव्हा तुम्ही धुराडं धरून उभे होता."

"काय सांगणार होतो? ते सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

तो हे चिडून नाही, खरं सांगितल्यासारखं म्हणाला. त्याला ते अगदी वाजवी वाटत होतं. धाकटी एकदा त्याच्याकडे, एकदा बहिणीकडे बघत होती. कोणत्या दोघींना मारलं, हे तिला कळत नव्हतं.

माश्या आत जात होत्या. चादर जागोजाग पांढरी दिसायला लागली होती. थोरलीच्या मनात एकदम एक गोष्ट आली. डोंगरावरच्या नरांच्या पेट्या. नर काढायला ठेवलेल्या असल्या तरी त्या बाबांच्याच घराण्यातल्या होत्या, त्यांच्या राण्याही त्याच रक्ताच्या. तिथे दुसरे नर नाहीत, त्यामुळे नव्या राण्या झाल्या असतील तर त्याही आपल्यातच फळल्या असतील. एक जरी पेटी तगली असेल, तरी घराणं आहे.

"डोंगरावरच्या पेट्या?" तिनं विचारलं.

"आहेत की." मग जरा वेळानं, "असतील."

तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्यात, हे तिनं विचारलं तेव्हा तो चादरीकडे बघायला लागला.

पेटीचं तोंड जाळीनं बंद करून ती बोळातून बाहेर आली तेव्हा लोक अजून तिथेच होते. न्हावीही दुकान सोडून आला होता. कुणीतरी म्हणालं, नशीब, बहिणीच्या घरीच उतरलं, घरचा माल घरातच राहिला. थोरली हो म्हणाली आणि पेटी सांभाळत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती खडी वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसून डोंगराच्या पायथ्याशी उतरली आणि चढून गेली. पाठीवर साखरेच्या पाकाची बाटली होती, औषध घेऊन निघाल्यासारखी. वाट बुजली होती. खोपटाचं कुलूप गंजलं होतं आणि दाराच्या फटीतून गवत बाहेर आलं होतं. पहिली पेटी गुरांनी पाडली असावी. ती उताणी पडली होती आणि चौकटी मेणकिड्यांनी खाल्ल्या होत्या. पुढच्या पेट्यांत कोळ्यांची जाळी, उंदरांची घरटी. ती एकेक झाकण उचलत गेली आणि नीट परत ठेवत गेली.

सगळ्यात वरची पेटी खडकाच्या आडोशाला होती. तिचं तोंड स्वच्छ होतं. माश्यांची ये-जा असलेल्या पेटीच्या पायरीवर जो तेलकट काळपट रंग येतो, तो ताजा होता. थोरलीनं तिला कान लावला, बोटानं टकटक केलं. थांबून पुन्हा टकटक केलं. मग झाकण उचललं.

आत पोळी होती, नीट बांधलेली, स्वच्छ. माश्या पोळ्यावरच होत्या, मेणाच्या घरांत डोकं खुपसलेल्या, मागची टोकं तेवढी बाहेर. उपाशी मेलेल्या माश्या अशाच असतात. शेवटचा थेंब चाटायला आत शिरतात आणि तशाच राहतात. मध्यभागी ओंजळभर माश्यांच्या घोळक्यात राणी होती. फिकट पट्ट्यांची, लांब, अगदी बाबांच्या राण्यांसारखी. तिचं अंग अजून वाळलं नव्हतं, पायही वाकत होते. मरून फार तर काही दिवस झाले असतील. खाली उतारावर झुडपांना पिवळी फुलं यायला सुरुवात झाली होती.

दोन वर्षं कुणी न बघताही ती पेटी तगली होती. थंडीच्या शेवटी कुणी वर येऊन भांडंभर पाक ठेवला असता तरी पुरलं असतं.

थोरलीनं पाठीवरची बाटली काढली आणि हातात धरून बसून राहिली. मग तिनं पाक खडकावर ओतून टाकला, मुंग्या येतील तर येतील. रडू तिला तिथे आलं नाही. परतताना बसमध्ये आलं, आणि तेही शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून.

नवरा धाकटीकडे राहायला गेला. भांडण असं झालंच नाही. तो कपडे न्यायला आला तेव्हा थोरली भिंगापाशी बसली होती आणि त्यानं, येतो, म्हटल्यावर तिनं मान वर केली नाही. गल्लीत बोलणं झालं. बरेचजण म्हणाले, त्याचं चुकलंच. बायकांत हेही बोललं गेलं की माश्यांपुढे जिला नवरा दिसत नाही, तिचा नवरा कधीतरी उडणारच.

थोरलीनं सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावून सांगितलं की दोन मोसमांतल्या राण्या डोंगरावर फळलेल्या नव्हत्या, तुम्हाला फसवून विकल्या गेल्या, त्या काढून टाका. काहींनी शिव्या दिल्या. एकानं मात्र सांगितलं, मी काढणार नाही. चावतात, पण मध दुप्पट काढतात. तुझ्या बापाच्या माश्या फार साध्या होत्या, बाई. तुला तशाच आणखी असतील तर पाठव.

घड्याळजीकडे ती स्वतः गेली. बहिणीचं नाव तिनं घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. आत त्याची बायको होती, पण बाहेर आली नाही. भांडी जोरात ठेवल्याचे आवाज येत राहिले. म्हातारा घड्याळं बघायची डोळ्यावरची काच काढून ऐकत होता. थोरलीला वाटलं होतं, तो म्हणेल, तुझा दोष नाही. ते ऐकायलाच ती आली होती.

तो म्हणाला, "तुझा बाप आजारी असतानासुद्धा डोंगरावर स्वतः जायचा. तू एकदा तरी गेलीस का?"

त्यानं काच डोळ्याला लावली आणि पुढ्यातलं घड्याळ उघडलं.

उन्हाळ्यात धाकटी आली. फाटकापाशीच थांबली, नेहमीसारखी. ती हडकली होती. सांगायला लागली की घरात नुसते बसून असतात, गिऱ्हाईक बायका आल्या की त्यांच्याशी गप्पा मारतात, बायका यायच्या कमी झाल्या. गाडी विकली, दुसरा धंदा येत नाही. चार पेट्या दिल्यास तर बाहेर तरी पडतील. एवढं बोलून ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, "ताई, मला कळत नव्हतं गं. माश्यांतलं मला काय कळतं? मला खरंच वाटलं, उन्हासाठी ठेवल्यात."

थोरलीला ते खरं वाटलं. खरं वाटल्यानं काही हलकं झालं नाही. ती आत गेली आणि तिनं त्या अंगणातून परत आणलेल्या राण्यांच्या पेट्या निवडल्या, सगळ्यात तापट होत्या त्या. तोंडं बंद करून तिनं त्या फाटकापाशी आणून ठेवल्या. धाकटीनं दोन पावलं मागे सरून विचारलं, चावतात का.

"चावतात," थोरली म्हणाली. "तुझ्याच दारात फळलेल्या आहेत."

तिच्या मनात होतं, आठवडाभरात परत घेऊन येतील. तसं झालं नाही. नवऱ्यानं पेट्या गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर ठेवल्या, अंगभर पोशाख शिवून घेतला धाकटीकडून, आणि पहिल्याच हंगामात त्याला डबेच्या डबे मध मिळाला. बाजाराच्या दिवशी तो बाकडं लावून विकायचा. बोलण्यात पटाईत होताच. न्हाव्यानं थोरलीला आपणहून सांगितलं, तुमचे यजमान आता चांगले सावरले बरं का. पुढच्या वर्षी नवऱ्यानं दारावर पाटी लावली, तिच्या वडिलांच्या नावाची. वडील तर धाकटीचेही होते.

थोरलीनं राण्या विकणं सोडलं. वडिलांचं काम पुन्हा पहिल्यापासून करायला वडिलांएवढं आयुष्य लागलं असतं, आणि तिच्याकडे तेवढं उरलं नव्हतं. आता ती फुलोऱ्याच्या दिवसांत फळबागांत भाड्यानं पेट्या ठेवते. माश्या विकत आणलेल्या, कुठल्या कुठल्या, ज्या मिळतील त्या. यंदा एका नव्या बागवाल्यानं पेट्या उतरवून घेताना तिला विचारलं की तुमच्या घराण्याच्या माश्या म्हणे फार गरीब असतात, आमची पोरंबाळं बागेत खेळतात, चालेल ना.

थोरली दोर सोडत होती. तिनं शेवटची गाठ सोडली, दोर गुंडाळून गाडीत टाकला.

"पोरांना लांब ठेवा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही येताना तोंडावर जाळी घालून या."